झियोनेच्या कोंबड्या

कोंबडीही शिंकते हे फालेसीला माहीत होतं, तरी त्या सकाळी तिला वाटलं, अंगणात कुणी माणूस आलंय. चुलीपुढून उठून तिनं दाराबाहेर डोकं काढलं. अंगण रिकामं होतं. खुराड्याच्या शिडीखाली एक राखाडी तलंग उभी होती. तिनं मान झटकली, पुन्हा शिंकली आणि नाकाशी आलेला थेंब पायाच्या नखानं पुसायला बघितलं. फालेसी थोडा वेळ बघत राहिली. मग आत जाऊन तिनं मक्याची पेज ढवळायला घेतली, कारण ती खाली लागत होती.

दुपारपर्यंत आणखी काहीजणींना घरघर लागली. सावलीत बसून त्या श्वास घेत तेव्हा आतून पाणी उकळल्यासारखा आवाज येई. एकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे जमले होते. फालेसी तिथंच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आवाज कानावर पडत होता, पण आत कुठं पोचत नव्हता. पावसाळ्याच्या शेवटापासून तिचं सगळंच असं झालं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी तिची मुलगी झियोने गेली. ताप आला, डोक्यात चढला, दवाखान्यात न्यायला आलेली गाडी ओढ्यापाशी चिखलात रुतली, आणि चाकं निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फालेसीला तेवढी एकच होती. दफनाच्या दिवशी बायका धुळीत लोळून रडल्या. फालेसी चटईवर पाय पसरून बसली आणि कुणाचं तरी तान्हं पोर मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिली. "हिच्या छातीत काळीज आहे का उखळ?" असं मागून कुणीतरी म्हणालं ते तिनं ऐकलं. राग आला नाही. उखळ असेलही, असं तिला वाटलं.

झियोनेचा नवरा जायलोसी अजून अंगणापलीकडच्या घरात राहत होता. तिकडचे सगळे जावई येतात तसा तोही लग्नानंतर बायकोच्या गावी नांदायला आला होता. त्यानंच विटा पाडून ते घर बांधलं होतं. आता बायको गेल्यावर तिच्या मामानं चार माणसांसमोर त्याला मोकळं करायचं, आणि मग त्यानं आपल्या आईच्या गावी परत जायचं. झियोनेचा मामा म्हणजे फालेसीचा थोरला भाऊ बिझिवेक. पण या मोकळं करण्याचा मुहूर्त काही लागत नव्हता. आधी मक्याची कापणी आली, मग तंबाखूची बाजारपेठ, मग बिझिवेकचा गुडघा सुजला. जायलोसी वाट बघत राहिला. घाई त्यालाही नव्हती. सकाळी उठून तो शेतावर जायचा, संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचा, आणि फालेसीला बरेचदा दिवा नसलेल्या त्या घरापुढं नुसती सावली बसलेली दिसायची.

सासू-जावयानं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, ही तिथली रीत. झियोने होती तोवर निरोप तिच्या तोंडून इकडून तिकडे जात. ती गेल्यावर मधला माणूसच उरला नाही. पहिले काही दिवस फालेसी झाकलेलं ताट त्याच्या ओट्यावर ठेवून परत फिरायची, आणि तो रिकामं ताट धुऊन तिच्या दाराशी ठेवून जायचा. मग एका सकाळी दाणे टाकता टाकता फालेसी कोंबड्यांना म्हणाली, "काय गं बायांनो, रांजणातलं पाणी संपलंय, कुणाला दिसत नाही का?" जायलोसीनं गुपचूप बादली उचलली आणि बोअरवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोंबड्याला सांगितलं, "कालच्या घेवड्याला चव होती हां, कोंबडोबा." तेव्हापासून त्या दोघांचं सगळं बोलणं कोंबड्यांशीच व्हायचं. छपरावरचं गवत बदलायला झालंय, शेजारी बारसं आहे, पीठ दळून आणायचंय, सगळं कोंबड्यांना कळायचं.

त्या कोंबड्या मुळात झियोनेच्या. लग्नात जायलोसीनं सायकलला उलटे टांगून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या होत्या, त्यांचाच हा सगळा वंश. मोकळं करायच्या दिवशी काही कापायच्या, उरलेल्यांतल्या अर्ध्या जायलोसीनं न्यायच्या, असं बिझिवेकनं ठरवून टाकलं होतं.

शेजारची एलुबी संध्याकाळी कुंपणापाशी आली. फालेसीची ती लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाची चाळण. तिनं खुराड्याखाली बसलेल्या कोंबड्या बघितल्या आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा सोगा तोंडाशी धरला.

"तुझ्याकडंपण आला का? माझ्याकडं सकाळीच एक उताणी पडली. वरच्या आळीत तर खुराडीच्या खुराडी बसलीत. चिटोपा आहे गं हा."

चिटोपा म्हणजे मानमोडी. फालेसी म्हणाली, असेल.

"इतकी वर्षं गावात पाऊल नव्हतं त्याचं. ही पोरगी थेंब घालायची तोवर..." एलुबी बोलता बोलता थांबली, आणि मग शेंगा बऱ्या भरल्यात का असं काहीतरी विचारून निघून गेली.

गावातल्या कोंबड्यांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घालायचं काम झियोनेचं होतं. वर्षातून तीनदा ती बाटली घेऊन दारोदार जायची. बायका कोंबड्या धरून उभ्या राहायच्या आणि ती प्रत्येक कोंबडीला नावं ठेवत, "तुझं नाक मामासारखं, तुझी चाल पाद्रीबाईसारखी," असं म्हणत थेंब सोडायची. थंडीच्या दिवसांत जनावरांच्या ऑफिसातला माणूस बर्फाच्या डब्यात बाटली घेऊन मोटरसायकलवरून आला होता. त्यानं झियोनेला हाक मारली. तेव्हा एलुबीनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो बराच वेळ झाडाखाली टोपी हातात घेऊन बसला. उन्हानं लस खराब होते, म्हणून मग उठून बाटली परत घेऊन गेला. दुसरं कोण थेंब घालील हे त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या शेणासारख्या हिरव्या हगू लागल्या. माना लांब करून, चोची उघड्या टाकून हवा ओढू लागल्या. त्या ओढण्याच्या शेवटी एक बारीक किंकाळीसारखा आवाज निघायचा. जायलोसी शेतावर गेला नाही. त्यानं बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्या वेगळ्या टोपलीखाली झाकल्या आणि तिखटाचं पाणी करून आजाऱ्यांच्या चोचीत घातलं, कारण त्याची आई तसं करायची. फालेसीनं सावलीत राख पसरून दिली. दोघं एकमेकांकडे पाठ करून काम करत होते. "गिळा गं, गिळा," एवढंच तो म्हणत होता, आणि ते खरंच कोंबड्यांसाठी होतं.

तशात बिझिवेक आला, आणि त्याच्याबरोबर सायकलवाला कोंबड्यांचा व्यापारी. सायकलच्या मागं बांबूची भलीमोठी टोपली. गावात अशी साथ आली की हे लोक वासावर यायचे. मरायला टेकलेल्या कोंबड्या माणसं घाईनं विकायची आणि त्या दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी लांबच्या बाजारात उभ्या असायच्या. बिझिवेक आनंदी गडी होता, गुडघा धरून चालतानाही गमती करायचा. अंगणात येताच त्यानं सांगून टाकलं, सगळ्या टोपलीत घाला, मेल्यावर यांना कुत्रंही विचारणार नाही.

जायलोसी खुराड्याच्या दारात जाऊन बसला. फालेसीच्या घराकडे पाठ, नजर जमिनीवर.

"मामा, या बाजारात गेल्या तर चिटोपा डोंगरापलीकडं पोचेल," तो म्हणाला.

"पोचू दे की. आपल्याकडं कुठून आला? डोंगरापलीकडूनच. त्यांचं त्यांना परत दिलं म्हण." व्यापारी हसला.

"पलीकडं माझी आई आहे. तिच्याही कोंबड्या आहेत."

"मग आईला सांग, झाकून ठेव." बिझिवेकचं हसू थोडं कमी झालं. "आणि तू कोण रे अडवणारा? भाची आमची, अंगण आमचं, खुराडं आमचं. तू आता निम्मा पाहुणा आहेस बाळा. ऊठ."

जायलोसी उठला नाही. तो तिथं बसला होता तो एखादं पोतं ठेवल्यासारखा, आणि त्याला बाजूला करायचं तर धरून ओढावं लागलं असतं. जावयाच्या अंगाला हात लावणं बिझिवेकलाही शोभलं नसतं. म्हणून मग सगळ्यांनी फालेसीकडे बघितलं.

फालेसीच्या हातात सूप होतं. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं, द्या म्हटलं तरी चाललं असतं. तिची नजर व्यापाऱ्याच्या टोपलीवर गेली. आत आधीच बऱ्याच कोंबड्या कोंबल्या होत्या. बांबूच्या प्रत्येक फटीतून एकेक उघडी चोच बाहेर आली होती.

"दादा, राहू देत," ती म्हणाली. "मरतील तर इथं मरतील."

"अगं, पण का?"

"तिनं नसत्या दिल्या."

मुलगी गेल्यापासून तिच्याविषयी फालेसीच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच वाक्य होतं. बिझिवेक बहिणीकडे बघत राहिला. मग त्यानं व्यापाऱ्याला हातानंच जायला सांगितलं.

"बरं बाई," तो म्हणाला. "मग मोकळं करायला येतील त्या पाहुण्यांना काय, शिंका वाढणार?"

तो गुडघा धरून निघून गेला.

त्या संध्याकाळी फालेसीनं टोपलीखालच्यांतल्या दोन कापल्या. त्याही शिंकायला लागल्या होत्या, पण अंगात मांस होतं. तिनं पिसं उपटली, टोमॅटोत शिजवल्या, मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे पांढरे गोळे थापले आणि जायलोसीचं ताट त्याच्या ओट्यावर ठेवून आली. स्वतः चुलीपाशी बसून खाताना तिच्या लक्षात आलं की मीठ घातलेलंच नाही. तिनं तशीच खाल्ली. मिठाचं भांडं हाताच्या अंतरावर होतं. जायलोसीचं ताट धुतलेलं परत आलं. त्यानंही काही म्हटलं नाही, कोंबड्यांनाही नाही.

मग त्या मरत गेल्या. सकाळी खुराड्याची फळी काढली की खाली दोन-तीन पडलेल्या असत, पाय ताणलेले, तुऱ्याचा रंग जांभळा. ज्या जगल्या त्यांच्या माना पिळवटल्या. दाणा टिपायला जावं तर चोच पाठीकडे वळायची, आणि मग ती कोंबडी स्वतःभोवती फिरत राहायची. कोंबडोबाचा एक पंख जमिनीला टेकला. तो आरवायला मान वर करायचा आणि त्याच्या गळ्यातून फुटक्या भात्यासारखी हवा निघायची. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून जायलोसी केळीच्या मागं खोल खड्डे खणायचा. फालेसी मेलेल्या कोंबड्या जुन्या चितेंजेत गुंडाळून आणायची. ती कडेला ठेवायची, तो आत सोडायचा. सगळ्या गावात तेच चाललं होतं. पहाटे आता कुठंच आरवणं ऐकू येत नव्हतं, उजेड पडला की दिवस उगवला असं समजायचं.

शेवटी मास्तरीण राहिली. ती सगळ्यांत जुनी, काळी, गळ्याशी पांढरी पट्टी असलेली. पिल्लांना ओळीत घेऊन फिरायची म्हणून झियोनेनं तिला ते नाव ठेवलं होतं. तिला पाहिलं की झियोने उठून उभी राहायची आणि "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची, आणि जायलोसी हसून हसून ठसकायचा. मास्तरीण बरी होतेय असं एक-दोन दिवस वाटलं. तिनं थोडी कणी खाल्ली, पाणी प्यायली. मग भर दुपारी ती केळीखाली बसली ती उठेना. जायलोसीनं तिला मांडीवर घेतलं. तिचा श्वास एकदा लांब, एकदा आखूड, असा येत होता. चोच उघडायची आणि मिटायची. फालेसी कुदळ घेऊन आली होती, खड्डा थोडा वाढवावा म्हणून.

मास्तरणीनं मान टाकली तेव्हा जायलोसी तिच्या पिसांवर हात फिरवत राहिला. आणि मग त्याच्या तोंडातून एक आवाज आला. फालेसीला आधी वाटलं, कोंबडी अजून जिवंत आहे. पण तो रडत होता. पावसाळ्याच्या शेवटापासून साठवलेलं सगळं एका कोंबडीवर पडत होतं. त्याचे खांदे हलत होते, नाक वाहत होतं. "झियो, झियो," असं तो म्हणाला, आणि नंतर शब्दही राहिले नाहीत.

जावयाला असं बघणं सासूसाठी लाजिरवाणं. फालेसीनं तोंड फिरवलं. तिथून निघून जावं, हे तिला माहीत होतं. दुसरी कुणीही गेली असती. पण ती गेली नाही. केळीच्या पानांकडे तोंड करून, कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली. दांडा ऊन खाऊन गरम झाला होता. एका पानावर मुंग्यांची रांग चालली होती. आपल्यालाही आता रडू येईल, असं तिला वाटलं. तिनं वाट बघितली. आलं नाही. तरीही त्याचं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग त्यानं नाक पुसलेलं तिनं ऐकलं, आणि न बघता कुदळ मागं सरकवली.

त्यानंतर अंगणात बोलायला कुणी उरलं नाही. जायलोसीनं एकदा बादलीला काहीतरी सांगून बघितलं, पण ते त्यालाच वेडगळ वाटलं असावं. ते दिवस दोघांनी मुक्यानं काढले.

मोकळं करायचा दिवस अखेर आला. जायलोसीचे मामा आणि दोन काका डोंगरापलीकडून चालत आले. बिझिवेक खरं तर मनात काही ठेवणारा नव्हता. त्यानं स्वतः सरोवराकडून सुक्या बारीक माशांची पिशवी आणवली होती. एलुबीनं घेवडा दिला, आणखी कुणी भोपळ्याची पानं. चटया अंथरल्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. बिझिवेक उभा राहिला, आणि त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

"आमची मुलगी देवानं नेली. तू तिला मारहाण केली नाहीस, उपाशी ठेवली नाहीस, टाकून गेला नाहीस, हे गावानं बघितलंय. आजपासून तू मोकळा. जा, घर कर, बायको कर. आमच्या मनात तुझ्याविषयी काही नाही."

जायलोसीच्या मामानं टाळ्या वाजवून आभार मानले. सगळ्यांनी हलकेच टाळ्या वाजवल्या. जेवणं झाली. खुराडं रिकामं होतं, त्यामुळं वाटणीचा विषय कुणी काढला नाही. पाहुणे पुढं निघाले. जायलोसी सायकलवर कुदळ, घोंगडी आणि रेडिओ बांधायला मागं राहिला.

फालेसी चटया गोळा करत होती. मधेच तिच्या डोक्यात आलं की हा आता जावई नाही. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

इतक्या वर्षांत ती त्याला चालीवरून, खोकल्यावरून, ताट ठेवायच्या पद्धतीवरून ओळखत होती. तोंड मात्र तिला नीट माहीत नव्हतं. डाव्या डोळ्याखाली जुना व्रण होता. पुढच्या दातांत फट होती. तिला वाटलं होतं त्याहून तो लहान दिसत होता. तोही दोरी हातात धरून तिच्याकडे बघत होता. आधी दोघांनाही कसंतरीच झालं.

"जेवून जा," ती म्हणाली.

"जेवलो की मघाशी, सगळ्यांबरोबर."

"तरी जेव."

तिनं उरलेला न्सिमा आणि मासे आणले. पहिल्यांदाच ते एका चटईवर बसले, एका ताटात. तो हळू हळू खात होता.

"तुम्ही बऱ्या आहात ना, आई?" त्यानं विचारलं.

फालेसीनं विचार केला. "माहीत नाही रे."

"मलापण नाही माहीत," तो म्हणाला.

ताट संपेपर्यंत दोघं बसून होते. निघताना त्यानं सांगितलं की घराच्या मागच्या भिंतीला वाळवी लागतेय, राखेचं पाणी मारत राहा. ती हो म्हणाली. तो सायकल हातात धरून चालत गेला, कारण वाट वाळूची होती. फालेसीनं तो वळणापर्यंत बघितला. मग तिनं चटया आत ठेवल्या आणि भांडी घासायला बसली.

घर रिकामं राहिलं. फालेसी राखेचं पाणी मारत राहिली. पुढच्या पेरणीसाठी वरंबे घालायला झाले होते. माती भाजल्यासारखी कडक झाली होती, आणि एलुबी आणि ती आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात कुदळ चालवत होत्या. एलुबीचं तोंडही बरोबर चालायचं. तिची बहीण तिला दोन तलंगा देणार होती. जनावरांच्या ऑफिसातला माणूस चर्चपाशी भेटला होता, त्याला तिनं स्वतःचंच नाव सांगून टाकलं होतं.

"म्हटलं, मीच घालीन थेंब. माझे डोळे धड नाहीत, पण कोंबडीचे सापडतील." ती कुदळीवर रेलून धापा टाकत होती. "तो हसला मेला. म्हणाला, आजी, हात थरथरतात तुमचे."

"मी मान धरीन कोंबडीची," फालेसी म्हणाली.

एलुबीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि कुदळ खाली टाकली. दोघी बांधावरच्या आंब्याखाली बसल्या. एलुबीनं गाठोड्यातून आंबे काढले, अजून पुरते पिकलेले नव्हते, कच्चेच उतरवले होते. फालेसीनं साल दातानं ओढून काढली आणि चावा घेतला. आंबा इतका आंबट होता की तिचे दात आंबले, एक डोळा आपोआप मिटला. तिनं तो बाठेपर्यंत खाल्ला, आणि दुसरा मागितला.